पितळी पुंगळ्या धुण्यासाठी घरी बनवलेला फिरता ड्रम : अमेरिकेतल्या नव्या रीलोडर मंडळींसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि शूटिंग रेंजवर नियमित जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी काही जण हळूहळू रीलोडिंगकडे वळतात. एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, स्वच्छ करायची आणि पुन्हा भरायची, असा हा छंद. भरणीचं शास्त्र स्वतंत्र आहे, ते या लेखात नाही. इथे फक्त पहिली पायरी : पुंगळ्या धुणं, आणि त्यासाठी लागणारा फिरता ड्रम गॅरेजमध्ये स्वतः बनवणं.

तयार यंत्रं बाजारात मिळतात आणि ती वाईट नाहीत. पण घरी बनवलेल्या यंत्राचा प्रत्येक भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, बिघडला तर तासाभरात बदलता येतो आणि ते का चालतं हे आपल्याला ठाऊक असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना एक गोष्ट मनात ठेवा. आपल्याला शाबूत आणि आतून-बाहेरून स्वच्छ पुंगळी हवी आहे. चकाकी सोबत आली तर येऊ द्या, तिच्या मागे लागू नका. या कामातल्या निम्म्या चुका जास्त चमक मिळवण्याच्या नादात होतात.

१. सगळ्यात आधी कायदा

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत जिवंत काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर (बुडात बसणारी, आघाताने पेटणारी छोटी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारू हे सुटे भागही मोजले आहेत. म्हणजे रिकामी पुंगळीसुद्धा कायद्याच्या नजरेत ॲम्युनिशनच. आणि नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ या सगळ्यांना ती लागू होते. याला काही अपवाद आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला सर्वांना माहीत असलेला. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची मनाई लागू नाही. तुम्ही व्हिसावर असाल तर “मित्राने सांगितलं चालतं” यावर विसंबू नका, वकिलाला विचारा. इथे चुकलात तर इमिग्रेशनच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते.

स्वतःच्या वापरासाठी रीलोडिंग करायला संघीय परवाना लागत नाही, पण विकण्यासाठी काडतुसं बनवायची तर लागतो. राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असतात, तेही पाहा.

दुसरी गोष्ट भारतवारीची. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट किंवा पँट घालून मुंबईला उतरलात आणि खिशाच्या कोपऱ्यात एक पुंगळी निघाली, तर विमानतळावर अडकायला तेवढं पुरे आहे. म्हणून रेंजची बॅग वेगळीच ठेवा, ती प्रवासाला कधीही वापरू नका. मुलांनी खेळायला उचललेली पुंगळी त्यांच्या दप्तरात गेली आहे का, हेही निघण्यापूर्वी बघा.

२. कोणत्या पुंगळ्या धुवायच्या

पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून पुष्कळ मराठी घरांत नेमबाजीचा विषय निघतो. त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचं पेटवण मिश्रण पुंगळीच्या काठाच्या घडीतच भरलेलं असतं आणि आघाताने तो काठ चेपतो. त्यामुळे .२२ रिमफायर पुंगळ्या आपल्या कामाच्या नाहीत, त्या गोळाच करू नका. आपल्याला हव्यात सेंटरफायर पुंगळ्या, ज्यांच्या बुडात मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो.

त्यातही आत डोकावून पाहा. बुडाला मधोमध एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, चांगली. मध्यापासून बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची. तिचा प्रायमर नेहमीच्या डायने (पिनेने प्रायमर ढकलून काढणाऱ्या साच्याने) निघत नाही, उलट डायची पिन मोडते. ती बाजूला ठेवा.

लोहचुंबक फिरवा. चिकटली तर ती पोलादी आहे, पितळी नाही. ॲल्युमिनियमची पुंगळी चुंबकाला चिकटत नाही, पण तिचा पांढुरका रंग आणि हलकेपणा हाताला लगेच कळतो. चिरलेली तोंडं, फुगलेली बुडं आणि बुडाच्या वर चकाकती आडवी रेघ दिसणाऱ्या पुंगळ्या सरळ भंगारात टाका. ती रेघ म्हणजे तिथे पितळ ताणून पातळ झालं आहे.

आणि हे कधीही विसरायचं नाही : ड्रममध्ये जिवंत काडतूस जाता कामा नये. रेंजवरून उचललेल्या ढिगात न उडालेलं एखादं काडतूस असूच शकतं. प्रत्येक पुंगळी हातात घेऊन तिचं तोंड रिकामं आहे ना, हे पाहिल्याशिवाय ती पुढच्या डब्यात टाकू नका. रेंजवर पुंगळ्या उचलायची परवानगी आहे का, हेही आधी विचारा. कित्येक रेंज त्या स्वतः ठेवून घेतात.

वेगवेगळ्या मापांच्या पुंगळ्या एकत्र धुवू नका. ९ मिमीची पुंगळी .४५ च्या पोटात अशी घट्ट बसते की काढताना दोन्ही वाया जातात.

३. ओली पद्धत का

कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भुसा थरथरणाऱ्या भांड्यात टाकतात. ती सोपी आहे, पण तिची धूळ उडते आणि त्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. ओल्या पद्धतीत तेच शिसं पाण्यात राहतं. शिवाय स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना पुंगळीच्या पोटात आणि प्रायमरच्या खळगीत शिरून काजळी खरवडतात, तिथे भुसा पोचत नाही. घरात लहान मुलं असतील तर माझ्या मते ओलीशिवाय दुसरा विचारच करू नये.

४. सामान

ड्रमसाठी :
- ६ इंची शेड्यूल ४० पीव्हीसी पाइप, १४ इंच लांब
- त्याच मापाचं एक चिकटवायचं घुमटाकार टोपण
- दुसऱ्या तोंडासाठी स्टेनलेस पट्टा असलेलं रबरी टोपण (प्लंबिंगच्या विभागात मिळतं)
- पीव्हीसी प्रायमर आणि सिमेंट
- अर्धा इंच जाडीच्या भरीव पीव्हीसी पट्टीचे तीन तुकडे, प्रत्येकी ९ इंच
- मरीन इपॉक्सी

चौकटीसाठी :
- पाऊण इंची प्लायवूड
- अर्धा इंची सरळ पोलादी रॉड आणि त्याला बसणारे दोन पिलो ब्लॉक बेअरिंग
- रॉडला स्क्रूने घट्ट बसणारी २ इंच व्यासाची दोन रबरी चाकं
- इनलाइन स्केटची तीन जुनी चाकं, बेअरिंगसह
- स्केटच्या चाकांसाठी ५/१६ इंची बोल्ट

फिरवण्यासाठी :
- १२ व्होल्टची गिअर मोटर, १५० ते २०० फेरे प्रतिमिनिट
- मोटर आणि रॉड जोडणारं लवचीक कपलिंग
- १२ व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय
- वेग कमी-जास्त करायचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, ५ अँपिअरचा फ्यूज, स्विच

धुण्यासाठी :
- स्टेनलेस पिना २.२५ किलो (५ पाउंड), व्यास ०.०४७ इंच, लांबी पाव इंचाच्या आसपास
- भांडी घासायचा साधा द्रव साबण, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व
- दोन बादल्या, एक मोठ्या भोकांची चाळण, लोहचुंबक
- नायट्राइल हातमोजे

चाळण, बादल्या, मोजायचा चमचा हे सगळं फक्त याच कामासाठी ठेवा. यातली एकही वस्तू स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

५. वेगाचं गणित, जे आधी समजून घ्यावं

ड्रम फार हळू फिरला तर पुंगळ्या आणि पिना तळाशी नुसत्या घसरत राहतात. फार जोरात फिरला तर सगळं भिंतीला चिकटून ड्रमबरोबर गोल फिरतं आणि कोणी कोणाला घासतच नाही. या दुसऱ्या अवस्थेच्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तो काढायचा सूत्राने : ४२.३ भागिले, मीटरमधल्या आतल्या व्यासाचं वर्गमूळ. आपल्या पाइपचा आतला व्यास ०.१५४ मीटर. त्याचं वर्गमूळ ०.३९२. उत्तर येतं मिनिटाला १०८ फेरे.

काम चांगलं होतं ते याच्या ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे ४३ ते ५४ फेऱ्यांत. मी ४५ धरतो.

पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिमी आणि चालवणारं चाक ५१ मिमीचं. म्हणजे ड्रमच्या एका फेऱ्याला चाकाचे ३.३ फेरे. ड्रमला ४५ हवे तर रॉडला सुमारे १५० फेरे हवेत. म्हणूनच मोटर १५० ते २०० फेऱ्यांची घ्यायची, मध्ये पुली आणि पट्टा लागत नाही.

किती ताकदीची मोटर? पाणी स्वतःची पातळी शोधतं, त्यामुळे जोर लागतो तो मुख्यतः वर चढणाऱ्या पिना आणि पुंगळ्यांना. ते मिळून ३.२ किलोच्या आसपास. त्यांचा गुरुत्वमध्य ड्रमच्या मध्यरेषेपासून ५ सेंमी बाजूला सरकतो असं धरलं तर ड्रमवर १.६ न्यूटन-मीटर पीळ येतो. रॉडवर तो ३.३ ने भागून अर्धा न्यूटन-मीटर. घर्षण आणि सुरू होतानाचा झटका धरून मी १.५ ते २ न्यूटन-मीटर सलग देऊ शकणारी मोटर घ्यायला सांगेन. शक्तीच्या भाषेत हे काम दहा-पंधरा वॅटचं आहे, ६० वॅटचा पॉवर सप्लाय आरामात पुरतो. जुन्या भट्टीच्या पंख्याची ११० व्होल्टची मोटर काढून लावणारेही आहेत. मला ते पटत नाही. शेजारी पाण्याने भरलेला ड्रम फिरत असताना तारांमध्ये १२ व्होल्टच असलेले बरे.

६. ड्रम

१. पाइप काटकोनात कापा. कड तिरकी राहिली तर रबरी टोपण एका बाजूने झिरपतं. आतली-बाहेरची धार सँडपेपरने गोल करा.

२. पट्ट्यांच्या कडाही सँडपेपरने गोल करा. धारदार कडेवर पुंगळीचं तोंड आपटलं तर खाच पडते. तिन्ही पट्ट्या पाइपच्या आत लांबीच्या दिशेने, समान अंतरावर बसवायच्या. चिकटवण्याच्या जागा खरवडून घ्या, सिमेंटने बसवा आणि सुकल्यावर दोन्ही कडांना इपॉक्सीची बारीक रेघ ओढा, म्हणजे पिना फटीत अडकणार नाहीत. पट्ट्यांशिवायही ड्रम चालतो, पण पीव्हीसी गुळगुळीत असल्यामुळे ऐवज घसरत राहतो आणि वेळ वाढतो.

३. आता घुमटाकार टोपण. दोन्ही पृष्ठभागांना पीव्हीसी प्रायमर, मग सिमेंट, मग टोपण पाव फेरा वळवत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. चोवीस तास हात लावू नका.

४. पाणी भरून, रबरी टोपणाचा पट्टा आवळून, ड्रम रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच पुढे जा. रबरी टोपण आतून पाइपच्या कडेला पूर्ण टेकलं पाहिजे. पट्टा आवळण्यापूर्वी कडेला अडकलेली एखादी पिन असेल तर ती काढा, झिरपण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ती असते.

७. चौकट

प्लायवूडचा साधारण १६ बाय १२ इंचांचा पाया घ्या. लांबीच्या एका बाजूला दोन पिलो ब्लॉक लावून त्यात रॉड बसवा आणि त्यावर दोन रबरी चाकं ५ ते ६ इंचांच्या अंतरावर आवळा. समोरच्या बाजूला, पहिल्या दोन चाकांच्या समोरासमोर, लाकडी ठोकळ्यांवर स्केटची दोन चाकं. स्केटच्या बेअरिंगचं भोक ८ मिमी असतं आणि ५/१६ इंची बोल्ट ७.९ मिमीचा, तो त्यात अलगद बसतो. दोन्ही बाजूंची चाकं वेगळ्या व्यासाची असली तरी चालतं, कारण ड्रम त्यांच्यामधल्या खाचेत बसतो. महत्त्वाचं इतकंच की रॉड आणि स्केटच्या चाकांची रेषा एकमेकींना समांतर हवी.

टोपणं पाइपपेक्षा जाड असतात. म्हणून चाकं फक्त पाइपच्या मोकळ्या भागाखाली येतील अशी मोजून लावा, आणि रबरी टोपणाच्या बाजूला रॉड चाकापुढे लगेच संपवा, नाहीतर पट्ट्याचा स्क्रू दर फेऱ्याला रॉडवर आपटेल. मोटर घुमटाकार टोपणाच्या बाजूला येते. चाकं २ इंची घेतल्यामुळे रॉड टोपणाच्या खालून मोकळा जातो. याहून लहान चाकं किंवा रॉडवर चढवलेली रबरी नळी वापरली तर टोपण रॉडला घासतं, हे आधीच लक्षात ठेवा.

फिरणारा ड्रम एका टोकाकडे सरकतोच. त्यावर उपाय म्हणजे रबरी टोपणाची बाजू पायाखाली पातळ पट्टी घालून तीन-चार मिलिमीटर उचला आणि दुसऱ्या टोकाला, घुमटाच्या मधोमध टेकेल असं तिसरं स्केटचं चाक उभ्या लाकडी तुकड्यावर लावा. ड्रम तिथे टेकून शांतपणे फिरत राहतो. तरीही उलट दिशेला सरकत असेल तर चाकांच्या रेषा समांतर नाहीत, त्या तपासा.

८. वीज

पॉवर सप्लाय, फ्यूज, स्विच, कंट्रोलर, मोटर, अशा क्रमाने जोडणी करा. फ्यूज पॉझिटिव्ह तारेवर, सप्लायच्या जवळ. सप्लाय आणि कंट्रोलर ड्रमच्या पातळीपेक्षा वर, भिंतीवर लावा, म्हणजे ड्रम गळला तरी पाणी तिथे पोचणार नाही. भिंतीतलं सॉकेट जीएफसीआयचं, म्हणजे वीज गळती झाली की लगेच प्रवाह तोडणारं असावं. ड्रमवर रंगीत टेपची एक खूण करा आणि मोबाइलच्या घड्याळावर मिनिटाचे फेरे मोजून कंट्रोलर ४५ वर आणा. ही मोजणी पाणी आणि पिना भरलेल्या ड्रमवरच करायची, रिकामा ड्रम जास्त वेगाने पळतो.

९. पहिली धुलाई

आधी युनिव्हर्सल डीकॅपिंग डायने जुने प्रायमर काढा. न उडालेला प्रायमर दिसला तर ती पुंगळी बाजूला. प्रायमर काढल्याने खळगी धुतली जाते आणि पाणी खालूनही निथळतं.

एका वेळचं प्रमाण :
- पिना २.२५ किलो
- पुंगळ्या सुमारे ९०० ग्रॅम. अंदाजे .२२३ च्या १५०, ९ मिमीच्या २३०, .३०८ च्या ८०
- साधं पाणी एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर
- द्रव साबण एक टेबलस्पून
- लिंबूसत्त्व पाव टीस्पून

ड्रम सुमारे दोन-तृतीयांश भरतो. सगळं मिळून ७ किलो, ड्रमसकट १० च्या घरात, उचलताना कंबर सांभाळा.

वेळ : ६० ते ९० मिनिटं. पाऊण तासाने थांबवून एक पुंगळी काढून बघा. प्रायमरची खळगी स्वच्छ दिसली की काम झालं. “राहू दे रात्रभर” असं करू नका. पुंगळ्या तासन् तास एकमेकींवर आपटत राहिल्या की त्यांची तोंडं ठोकल्यासारखी आत वळतात, विशेषतः रायफलच्या. ड्रममध्ये पुंगळ्या फार कमी टाकल्या तरी हेच होतं, कारण त्यांना उंचावरून पडायला जागा मिळते.

लिंबूसत्त्वाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यांचा हात इथेच सैल सुटतो. देवघरातली समई चिंचेने घासली की उजळते, त्यामागचं तत्त्व तेच : आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवतं. पण काडतुसाचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि आम्ल जास्त झालं किंवा जास्त वेळ राहिलं की पृष्ठभागावर तांबं दिसू लागतं, पुंगळी गुलाबी होते. पाव चमचा हे प्रमाण कमी वाटेल, पण ते पुरेसं आहे. व्हिनेगर ओतू नका. आणि खाण्याचा सोडा तर लिंबूसत्त्वाबरोबर बंद ड्रममध्ये मुळीच नको : दोन्ही मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो दाब रबरी टोपण उडवू शकतो.

याहून गंभीर धोका अमोनियाचा. पितळ चमकवायच्या काही पॉलिशांत आणि काच पुसायच्या द्रवांत अमोनिया असतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. काडतुसं तबेल्यांत साठवलेली असायची. या प्रकाराला इंग्रजांनी ‘सीझन क्रॅकिंग’ नाव दिलं, आणि त्याचं कारण पुढे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडलं : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात साठलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू चिरतो. आपल्या पुंगळ्यांतही तोच ताण आहे. म्हणून बाटलीवर अमोनिया लिहिलेलं काहीही या कामाजवळ नको. मांजराच्या मातीच्या ट्रेजवळ पुंगळ्यांचा डबा ठेवणंही टाळा.

१०. पिना वेगळ्या करणं आणि वाळवणं

ड्रम बादलीत ओता. हातमोजे घातलेले असू द्या. काळं पाणी दुसऱ्या बादलीत निथळून घ्या, मग पुंगळ्या चाळणीत घेऊन पाण्याखाली हलवत राहा. पाण्याखाली पिना सहज गळून पडतात, कोरड्यात चिकटून राहतात. साबण पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन वेळा धुवा.

यानंतरची तपासणी कंटाळवाणी आहे आणि ती टाळता येत नाही. एक पिन बुडाच्या भोकातून सहज निसटते, पण दोन पिना एकदम शिरल्या की घट्ट अडकतात. .२२३ च्या अरुंद गळ्यातही हेच. प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत पाहा, बुडाचं भोक आरपार दिसलं पाहिजे. सांडलेल्या पिना गोळा करायला चुंबक कामाला येतो. स्टेनलेस असूनही ओढून बनवलेल्या या पिना बऱ्याचदा चुंबकाला लागतात.

वाळवण्यासाठी टॉवेलमध्ये गुंडाळून हलवा, मग तोंड खाली करून पसरा. टेक्सास किंवा ॲरिझोनात उन्हाळ्यात एक दुपार पुरते. मिशिगनच्या हिवाळ्यात फळं सुकवायचा डीहायड्रेटर उपयोगी, पण तोही फक्त याच कामाचा. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या खूप खाली राहू द्या. हीट गन किंवा गॅसची ज्योत लावू नका. पितळ अडीचशे अंशांच्या पुढे मऊ होऊ लागतं, आणि बूड मऊ झालेली पुंगळी झाडताना फाटू शकते. बाहेरून कोरडी दिसणारी पुंगळी आत ओली असते, म्हणून घाई नको. आत राहिलेल्या थेंबाने दारू खराब होते.

ओल्या धुलाईनंतर गळ्याची आतली बाजू इतकी कोरी होते की गोळी बसवताना घासते. बरेच जण तिथे कोरड्या ग्राफाइटचा हलका हात फिरवतात. मला तो उपाय आवडतो.

११. काळं पाणी आणि शिसं

नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं. ड्रममधून निघणारं काळं पाणी म्हणजे साबण, काजळी आणि शिसं. ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, बागेत, तुळशीजवळ किंवा रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात ओतू नका. झाकण असलेल्या बादलीत ठेवा, गाळ खाली बसू द्या. बहुतेक काउंटींत घरगुती घातक कचरा घेणारं केंद्र असतं. गाळ तिथे द्या आणि वरच्या पाण्याचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा. उत्तर गावागणिक बदलतं, तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर तेही सांगा.

काम चालू असताना खाणं-पिणं नाही. झाल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. हॅंड सॅनिटायझरने शिसं निघत नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी या कामाच्या आसपासही राहू नये. नियमित रीलोडिंग करत असाल तर वार्षिक तपासणीत डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची चाचणीही करायला सांगा.

१२. अडलं तर

ड्रम घसरतोय, चाकं फिरतायत : रबर किंवा पाइप ओला झाला आहे. दोन्ही पुसा. तरी घसरला तर पाइपभोवती, चाकांच्या जागी, सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन रुंद पट्टे ओढून बसवा. त्यामुळे व्यास किंचित वाढतो, फेरे पुन्हा मोजा.

मोटर गरम होतेय : ड्रम अडवणाऱ्या चाकावर जास्त दाबला जात नाही ना ते पाहा. नसेल तर पुंगळ्या कमी करा, पिना नव्हे.

पुंगळ्या स्वच्छ पण मंद तपकिरी : पाणी क्षारयुक्त (हार्ड) असावं. साबण तोच ठेवा, डिस्टिल्ड पाणी वापरून पाहा. लिंबूसत्त्व वाढवण्याआधी हे करा.

काळे डाग राहिले : पाणी बदलून अर्धा तास आणखी. खूप जुन्या, मातीत पडलेल्या पुंगळ्यांचे डाग कधीकधी जात नाहीत. डागावर नख फिरवून खड्डा जाणवला तर पुंगळी टाका, नुसता रंग असेल तर बिनधास्त वापरा.

गुलाबी झाल्या : आम्ल जास्त किंवा वेळ जास्त. फिकट गुलाबी असतील तर नुसत्या साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं फिरवा. तरीही रंग गेला नाही आणि पृष्ठभाग खरबरीत लागला, तर त्या भंगाराच्या डब्यात.

पिनांना स्वतःला गंज येत नाही, पण ओल्या डब्यात बंद ठेवल्या की घाण वास येतो. धुऊन, पसरून, कोरड्या झाल्यावरच झाकण लावा. ड्रमचं रबरी टोपणही काढून ठेवा, म्हणजे ते पाइपला चिकटून ताणलेलं राहणार नाही आणि पुढच्या वेळी नीट बसेल.